श्वासेश्वराची नळी

खातीपुऱ्याच्या मैदानात त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. जयपूरबाहेरच्या दगडखाणीतले कामगार बायकापोरांसह लोटले होते, आणि त्यांतला प्रत्येक दुसरा माणूस खोकत होता. श्वासेश्वर महाराज गालात पान धरून बसले होते. एकेकाच्या छातीला तांब्याची नळी लावत, डोळे फिरवत, जोरात ओढत आणि ताटात पांढरी भुकटी थुंकत.

"निकली! देखो, छाती की धूल निकली!"

रांगेत इंदुबाई नवऱ्याला धरून उभ्या होत्या. सर्जेराव मूळचे साताऱ्याचे. फौजेतून सुटल्यावर ते याच खाणीत मुकादम झाले आणि आता चपला घालतानाही धापा टाकत होते. सोबत आलेला मुलगा चंदन त्याच खाणीत ड्रिल चालवायचा.

महाराजांनी खाणीला 'कोरडं व्रत' दिलं होतं. ड्रिलला पाणी लावायचं नाही, कारण पाण्यानं म्हणे धूळ छातीत चिखलासारखी थापली जाते. ड्रिलला हवा पुरवणारा डिझेलचा कंप्रेसर थेट खड्ड्यात ठेवायचा, त्याच्या धुरानं म्हणे छाती शेकून निघते. खाणमालक सेठजींचे पाण्याचे टँकर वाचले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! सेठजींनी लगेच महाराजांना मंडप घालून दिला.

चंदन व्रताला तयार नव्हता. इंदुबाईंनीच त्याला आपल्या गळ्याची शपथ घातली होती.

शेजारच्या शुभदानं बजावलं होतं. ती छातीच्या विकारांची डॉक्टर. "काकू, काकांच्या फुफ्फुसात दगडाची धूळ रुतलीय. ती आता निघत नाही."

"तुझ्यानं निघत नाही, म्हणून कुणाच्यानंच निघत नाही का?" इंदुबाई फटकन म्हणाल्या होत्या. तरी आज शुभदा सोबत आली.

सर्जेरावांचा नंबर आला. नळी लागली, भुकटी पडली.

"हलकं वाटतंय गं," ते म्हणाले. इंदुबाईंचे डोळे भरून आले.

शुभदानं पूजेतलं कापलेलं लिंबू उचललं आणि ताटातल्या भुकटीवर पिळलं. भुकटी फसफसली.

"चमत्कार!" लोक ओरडले. महाराजही बेरकी. "देखो, पाप उबल रहा है!"

शुभदानं चंदनच्या बाहीवरची खाणीची धूळ कागदावर झटकली आणि त्यावर तेच लिंबू पिळलं. काहीच झालं नाही.

"ही तुमच्या खाणीची धूळ, आणि ताटातली संगमरवराची. संगमरवर लिंबानं फसफसतो, तुमचा दगड नाही. मूर्तीवाल्यांच्या गल्लीत पडलेली असते. काकांच्या छातीत कुणी मूर्ती घडवत होतं का? महाराज, तोंड उघडा."

महाराजांनी घाईनं गिळायला पाहिलं आणि पानाआड लपवलेली भुकटीची पुडी घशात अडकली. चेहरा जांभळा पडला. जगाची धूळ ओढणाऱ्याला स्वतःची निघेना! शुभदानं पाठीत दणके घातले, तेव्हा पानाच्या लाळेत भोक पाडलेली प्लॅस्टिकची पुडी ताटात पडली. मैदान खदाखदा हसलं. हसता हसता सगळ्यांना खोकल्याची उबळ आली आणि हसू तिथेच थांबलं.

"मग यांची कोण काढणार?" इंदुबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही, काकू. आत गेलेली धूळ कुठलीही नळी, कुठलाही मंत्र काढू शकत नाही. औषधानं थोडा दम कमी होतो, एवढंच." शुभदा कामगारांकडे वळली. "धूळ उडूच द्यायची नाही, हा एकच उपाय आहे. ड्रिलला पाणी लावा. कंप्रेसर खड्ड्याबाहेर काढा. तपासणीला या. चमत्कारावर विश्वास ठेवण्याआधी त्यावर लिंबू पिळून बघा."

"म्हणजे मघाशी हलकं वाटलं, ते..." सर्जेराव बोलता बोलता खाली बसले.

इंदुबाईंनी चंदनचा हात घट्ट धरला. "सुटली रे, शपथ सुटली! उद्यापासून पाण्याशिवाय ड्रिलला हात लावू नकोस."

"आई, मतलब... वर्षभर कोरडंच मारलंय मी," चंदन म्हणाला आणि खोकला.

शपथ तोंडानं सुटते. धूळ सुटत नाही.

"पुढच्या आठवड्यात त्याचा एक्स-रे काढू," शुभदा हळूच म्हणाली.

मंडपात अजून काहीजण हात जोडून उभे होते. इंदुबाईंनी जोडले नाहीत. त्या म्हणाल्या, "आत्ता काढता येईल?"