दहा मिनिटं पुढे

“बाय, जरा त्या तुझ्या कॉम्प्युटरच्या डब्यात बघ तरी,” आत्मारामने कागद माझ्या टेबलावर ठेवला. “पालीची एस्टी मला नवाला पाच कमी असताना गेटवर सोडते. मी लेट होईन कसा?”

कागदावर लिहिलं होतं : चार महिन्यांत अठ्ठ्याण्णव वेळा उशीर, उद्यापासून सेवा समाप्त. आमच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात तो अकरा वर्षं शिपाई होता. मी तिथली कॉम्प्युटरवाली.

मला बघायची गरजच नव्हती. ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ पूर्वापार दहा मिनिटं पुढे. संध्याकाळची एस्टी चुकू नये म्हणून. इथला प्रत्येकजण मनात दहा वजा करतो. त्याच्या चार महिने आधी, दोन हजार नऊ साली, अंगठ्याचं हजेरी मशीन बसवायला कोल्हापूरहून माणूस आला, त्याला हे कोण सांगणार? त्याने मान वर केली आणि तीच वेळ कॉम्प्युटरला घातली. बाकीचे गावातलेच, पावणेनवालाच हजर असत. आणि संध्याकाळी मशीनच्या कृपेने सगळे दहा मिनिटं आधी सुटत. मग काय, आळीमिळी गुपचिळी. त्यात मीही होते.

त्या दिवशी मात्र बसले. हजेरी लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालायची, तेही व्हर्च्युअल मशीनमध्ये. म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात पोटभाडेकरू म्हणून राहणारा दुसरा कॉम्प्युटर. त्याची वेळ दुरुस्त केली. पाच मिनिटांत पुन्हा दहा मिनिटं पुढे! पोटभाडेकरू वेळ घरमालकाला विचारत होता. मग मालकाचीच वेळ नीट केली, तेव्हा दोन्ही जुळल्या. काम अर्ध्या तासाचं. चार महिन्यांत मला तेवढी सवड झाली नव्हती.

मॅनेजर दाबके साहेबांना जाऊन सगळं सांगितलं.

“तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

मी आत्मारामचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

“जुन्या नोंदी आता बदलल्या, तर उद्या त्या मशीनला कोण विचारील? ऑर्डर निघालीय. त्याचं नाव मशीनमधून काढून टाका.”

संध्याकाळी काढलं. स्वतःची लाज वाटली, पण काढलं.

दुसऱ्या दिवशी आत्माराम चाव्या परत द्यायला आला. मशीनवर आठ पंचावन्न झाले होते.

“झाला गो बाय, टाईम बरोबर झाला!” तो म्हणाला. “एकदा तरी नवाच्या आत लागू दे माझी हजेरी.”

त्याने अंगठा ठेवला. तांबडा दिवा लागला.

“घामेजलाय,” तो म्हणाला. त्याने अंगठा सदऱ्याला नीट पुसला आणि पुन्हा ठेवला.