सहदेव मेस्त्रींनी विणलेली खुर्ची

१९८३ च्या मार्चमध्ये आमच्या ऑफिसात नव्या खुर्च्या आल्या, तेव्हा सगळ्यात जास्त खूश मी झाले होते. अंधेरीला मरोळच्या बाजूला आमची औषधांची कंपनी होती आणि मी, सुगंधा परब, तिथली टेलिफोन ऑपरेटर. बारा वर्षं मी सागवानी खुर्चीवर बसले होते. तिची वेताची बैठक मध्ये खचली होती आणि कडेची एक पट्टी सुटून साडीला ओढायची. नवी खुर्ची मात्र काय झकास! काळं चकचकीत रेक्झिन, चार बोटं जाड फोम, पाठीला कवेत घेणारी गोलाई, खाली चाकं. पहिल्या दिवशी मी आणि टायपिस्ट नलिनी लहान पोरींसारख्या गोल गोल फिरलो. जुन्या खुर्च्या शिपायांनी गच्चीवरच्या खोलीत नेऊन टाकल्या.

माझी जागा जिन्याखाली होती. तिन्ही बाजूंनी प्लायवूड, समोर बोर्ड, कोपऱ्यात एक टेबलफॅन. फोन आला की बोर्डावरची छोटी पांढरी पट्टी टक् करून फिरायची. मी कॉर्ड लावायची, नंबर विचारायची, जोडून द्यायची. नऊ ते साडेपाच. जेवायच्या सुट्टीत आणि चहाला तेवढी नलिनी दहा-पंधरा मिनिटं बसायची. एरवी जागेवरून उठायचं नाही.

एप्रिल लागला आणि माझे हाल सुरू झाले.

सकाळी बसलं की अर्ध्या तासात पाठ ओली. अकरापर्यंत ब्लाउज चिकटलेला, मांड्यांखाली परकर चिकटलेला, आणि खुर्ची अशी तापायची की तव्यावर बसल्यासारखं वाटायचं. फॅन समोरून घोंघावत होता, तोंडाला वारा लागत होता, पण खालून नि मागून मी उकडून निघत होते. उठायची वेळ आली की त्याहून वाईट. साडीवर मागे ओला डाग. हिशेबखात्यातल्या पुरुषांसमोरून जाताना मी पदर ओढून मागे घ्यायची, भिंतीच्या कडेकडेने चालायची. पाठीवर घामोळं उठलं, ते चिघळलं. रात्री उताणं निजता येईना.

खुर्चीवर टॉवेल टाकला. तासाभरात टॉवेल ओला, आणि ओल्या टॉवेलवर बसणं आणखी किळसवाणं. वर्तमानपत्र घातलं, तर शाई साडीला लागली.

"सुगंधा, वय झालं गं," नलिनी डबा खाताना म्हणाली. "माझ्या आईला पण असंच व्हायचं. पंचेचाळिशीनंतर अंगातून वाफा निघतात."

घराजवळच्या, कांदिवलीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि पावडर लिहून दिली. मीही मानलं. मी सेहेचाळीस वर्षांची होते, पाळी मागेपुढे होत होती. सगळं जुळत होतं. खुर्चीचा संशय कुणाला येणार? तीच खुर्ची सगळ्या ऑफिसात होती. कुरकुर नलिनीही करायची, पण तिची जागा खिडकीशी, आणि ती दर थोड्या वेळाने कागद द्यायला उठायची.

घरी आमचे हे, दत्ताराम, रिकामे बसून होते. गिरण्या बंद पडून वर्ष उलटून गेलं होतं आणि घर माझ्या पगारावर चालत होतं. ते माझ्या पाठीला रात्री कडुलिंबाचा पाला उकळून लावायचे. "गो, तुका काय झाला हा? अंगात ताप तर नाय मा?" विचारायचे. त्यांच्या आवाजातली काळजी नुसती माझ्या पाठीची नव्हती, हे मला कळायचं.

मग एका दुपारी इंदूरचे एक जुने गिऱ्हाईक फोनवर तीन वेळा तेच तेच विचारत होते. मी त्यांच्यावर खेकसले. त्याच आठवड्यात मोठ्या साहेबांचा ट्रंक कॉल मी गोदामात जोडला. दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. बारा वर्षांतला पहिला. त्यावर प्रशासकीय अधिकारी जयवंत कारखानीस यांची सही होती. तोंडीही ते म्हणाले, "परबबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. झेपत नसेल तर स्पष्ट सांगा. दुसरी सोय करू."

"झेपतं साहेब," मी म्हटलं, आणि जिन्याखाली येऊन तोंडाला पदर लावला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सहदेव मेस्त्री आले. ते दरवर्षी पावसाच्या आधी यायचे. ऑफिसातल्या वेताच्या खुर्च्या तपासायचे, खचलेल्या पुन्हा विणायचे. लहानपणी देवी आल्या आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले. अंध माणसांच्या एका शाळेत ते वेतकाम शिकले, आणि आता जोगेश्वरीला गुंफांच्या मागच्या बाजूला राहून तेच काम करत होते. माझ्यासारखेच मालवणकडचे. हातात पांढरी काठी, खांद्यावर वेताच्या पट्ट्यांचं भेंडोळं.

त्यांना सांगायचं माझ्यावर आलं. "मेस्त्री, यंदा काम नाही हो. सगळ्या खुर्च्या नव्या आल्या. रेक्झिनच्या."

त्यांनी खांद्यावरचं भेंडोळं खाली उतरवलं. मग म्हणाले, "बरा. इलंयच आसय तर घटकाभर बसतंय. पाणी मिळात?"

मी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि कामाला लागले. वीसेक मिनिटं गेली असतील. माझे कॉल चालू होते, ते गप्प बसून होते. मी कॉर्ड काढून ठेवली तसे ते म्हणाले, "बाई, एक विचारू? तुमी एवढ्या हलतास कित्याक? दर दोन मिनिटांनी ता रेक्झिन कुरकुरता."

मला कुणी हे विचारेल असं वाटलंच नव्हतं. मी म्हणाले, "घाम येतो मेस्त्री. वय झालं."

"उठा बघूया जरा."

मी उठले. त्यांनी हात पुढे केला, खुर्ची चाचपली आणि तळहात नाही, हाताची पालथी बाजू बैठकीवर ठेवली. मग पाठीच्या गोलाईवर. मग फोम दाबून पाहिला, बोटाने खालची बाजू ठोकली. खाली प्लायवूड होतं. मग ते स्वतः बसले होते त्या लाकडी स्टुलावर त्यांनी मला हात ठेवायला लावला. त्यावरही ते वीसेक मिनिटं बसले होते. स्टूल नुसतं कोमट होतं, आणि बघता बघता निवलं. खुर्ची मात्र तशीच धगधगत होती.

"ही धग तुमचीच आसा," ते म्हणाले. "माणसाच्या अंगातली ऊब सारखी भायर पडत रव्हता. ह्यो फोम ती धरून ठेवता आणि रेक्झिन घामाक जावक देणा नाय. खालसून वारो नाय, पाठीमागसून नाय. फॅन लावून काय उपयोग? वारो शिरतलो खयसून?"

"पण बाकीचे बसतात ना हो."

"बाकीचे उठतत. तुमी उठणास नाय." मग ते म्हणाले, "वयाचा माका म्हायत नाय. पण ह्या खुर्चेर बसलेल्या इशीच्या पोरग्याकव घाम येतलो."

एवढ्या दिवसांत मला कुणी सांगितलं नव्हतं की दोष माझ्यात नाही. बोर्डावर पट्टी टक् झाली, ती घ्यायलाही मला उशीर झाला.

"तुमची जुनी खुर्ची खय आसा?" मेस्त्रींनी विचारलं.

मी शिपायाकडून ती गच्चीवरून खाली आणवली. मेस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत घातल्या आणि जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये बसून सगळा जुना वेत कापून काढला. चौकटीची भोकं एकेक करून सुईने साफ केली. मग आधी उभ्या पट्ट्या, त्यावर आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या, मग दोन्हीकडून तिरक्या. पट्टी भोकातून ओढायची, ताण बोटाने वाजवून बघायचा, लाकडी खुंटी ठोकायची. तो दिवस गेला, दुसऱ्या दिवशी दुपारी कड बांधून झाली. पाठही त्यांनी विणली. पूर्वी ती नुसत्या फळ्यांची होती. फळ्या काढून त्यांनी चौकटीला भोकं पाडली.

"मेस्त्री, ऑफिसची ऑर्डर नाही. तुमचा वेत, तुमचे दोन दिवस..."

"बाई, वेत मी सीझनसाठी आणून ठेवलंय. सगळ्या ऑफिसांनी रेक्झिन आणल्यानी. वेत घरात पडान सुकतलो. त्यापरीस कोणीतरी त्येच्यार बसांदे."

त्या दुपारी मी बसले. लगेच काही चमत्कार झाला नाही. बैठक जरा कडक वाटली. मी कॉल घेऊ लागले. टेबलफॅन त्यांनी जमिनीवर, थोडा मागच्या बाजूला ठेवायला सांगितला होता. साडेचारला नलिनी चहा घेऊन आली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की दुपारभर मला खुर्चीची आठवणच झाली नव्हती. घाम येत होता, मे महिनाच तो. पण येत होता आणि वाळत होता. मी उठले, मागे हात फिरवला. साडी कोरडी होती.

चार दिवसांनी कारखानीस साहेब जिन्यावरून उतरताना थबकले. "हे काय? हे जुनाट लाकूड इथे कुणी आणलं? समोरून पाहुणे येतात परबबाई. ही उद्या वर गेली पाहिजे."

मेमो मिळालेली बाई मी. हो म्हणायचं आणि गप्प बसायचं. पण मेस्त्रींचे पट्ट्या ओढून लाल झालेले अंगठे मी पाहिले होते.

"वर नेते, साहेब," मी म्हटलं. "फक्त एक विनंती. दुपारी दोन ते तीन तुम्ही इथे त्या नव्या खुर्चीवर बसा. मी बाजूला उभी राहते. मध्ये उठायचं नाही."

ते हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या केबिनमध्ये एसी होता आणि तशीच काळी खुर्ची होती. तिथे त्यांना ती आवडायची. "बरं, बघू या," म्हणाले, आणि खरंच दोन वाजता आले.

पहिली दहा मिनिटं ते बोर्डाबद्दल विचारत होते. मग बोलणं कमी झालं. मग ते एका बाजूला कलले, मग दुसऱ्या. पाऊण तासाने त्यांनी टाय सैल केला. तीनला पाच कमी असताना उठले, तेव्हा टेरिलीनचा शर्ट पाठीला असा चिकटला होता की आतल्या बनियनच्या पट्ट्या दिसत होत्या. ते सरळ वेताच्या खुर्चीवर जाऊन बसले. पाच-सात मिनिटं तसेच बसून राहिले.

"तुम्ही दोन महिने यावर बसलात?"

"हो साहेब."

"आणि मी मेमो दिला." त्यांनी रुमालाने मान पुसली. "बोलला का नाही आधी?"

"मलाच माहीत नव्हतं साहेब. मेस्त्रींनी सांगितलं."

मेमो त्यांनी फायलीतून काढून टाकला. ज्या जागी एसी नाही, तिथल्या बारा खुर्च्या गच्चीवरून उतरवून विणायची ऑर्डर मेस्त्रींना दिली, आणि माझ्या खुर्चीचं कामही त्यात धरलं. नलिनीलाही एक मिळाली.

माझं मात्र मन भरेना. एका रविवारी हे आणि मी जोगेश्वरीला मेस्त्रींकडे गेलो. मी घावन आणि नारळाचा रस केला होता. मेस्त्रींच्या बायकोने, मथुराबाईंनी, चहा टाकला. मी मनाशी जुळवून आणलेलं बोलायला लागले आणि मध्येच रडू फुटलं. एवढंच म्हणता आलं, "मेस्त्री, माझी नोकरी राहिली ती तुमच्यामुळे."

मेस्त्री अवघडले. ते मथुराबाईंना म्हणाले, "चायत साखर घातलंस मा?" मग जरा चाचरत, माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "बाई, एक विचारूचा होता. त्या दिवशी तुमच्या बोर्डाचो टक् टक् आवाज ऐकलंय. डोळे नसलेल्या माणसाक ता काम जमात?"

मथुराबाईंची भाची शकु त्यांच्याकडेच राहायची. एकोणीस वर्षांची, जन्मापासून अंध, मॅट्रिक झालेली. मी डोळे मिटून मनातल्या मनात माझा बोर्ड आठवून पाहिला. पट्टी आवाज करते. फिरली की बोटाला लागते. नंबर तर मला सगळे पाठच होते.

"जमेल," मी म्हटलं.

कारखानीस साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही जबाबदारी घेता ना? मग बसू दे." जून ते डिसेंबर शकु रोज दुपारी माझ्या शेजारी बसली. पहिल्या आठवड्यात तिने निम्मे कॉल चुकवले. गणपतीपर्यंत दीडशे एक्स्टेन्शन तिला तोंडपाठ होती, आणि आवाजावरून गिऱ्हाईक ओळखण्यात ती माझ्या पुढे गेली. मी तिला शिकवत होते खरी, पण संध्याकाळी घरी जाताना मलाच काहीतरी मिळाल्यासारखं वाटायचं.

पुढच्या वर्षी घाटकोपरच्या एका बँकेत तिची निवड झाली. रुजू झाली त्या दिवशी मेस्त्री आमच्याकडे कामावर होते. अकराच्या सुमारास माझ्या बोर्डावर बाहेरचा कॉल आला.

"नमस्कार, मी बँकेतून बोलतेय," पलीकडून अगदी मी शिकवलेल्या सुरात आवाज आला, आणि मग एकदम, "मावशी, मी शकु! बोर्डावर बसलेय!"

मी मेस्त्रींना हाक मारली. ते ओल्या हातांनी धडपडत आले. मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि माइक तोंडाशी धरला. शकु काय काय बोलत होती, त्यांचा चेहरा बदलत होता. शेवटी त्यांनी माइक चाचपून तोंडाजवळ ओढला.

"जेवलंस काय गो?" त्यांनी विचारलं.