विषाचा पेला आणि दोन मिनिटांचा उशीर

विषाचा पेला बोलतोय मी. दचकू नका. माझ्यामुळे आजवर कुणाला साधी उचकीही लागलेली नाही. माझ्यातून पिऊन माणसं शेकडो वेळा मेली आणि दरवेळी उठून घरी जेवायला गेली.

इटलीत पो नदीकाठच्या आमच्या गावात पत्र्याचं काम करणाऱ्या बाल्दोनं मला घडवलं. पत्रा तेलाच्या जुन्या डब्याचा, वरून सोनेरी रंग आणि चार लाल काचा. बूड जरा वाकडं राहिलं. "विष प्यायला निघालेला माणूस बूड बघत नाही," असं म्हणत त्यानं मला नाट्यगृहाच्या नाझारेनोच्या हवाली केलं. तलवारी, मुकुट, प्रेमपत्रं, सगळं सामान नाझारेनोच्या ताब्यात. विष म्हणून तो माझ्यात वाइन आणि पाणी भरायचा. वाइन कमी, पाणी जास्त. उरलेली वाइन कुठं जायची ते विचारू नका.

आमच्या गावचा ऑपेरा एकच, दर हिवाळ्यात तोच. इझौरा या सरदारकन्येचं शत्रूच्या मुलावर, लेआंद्रोवर, प्रेम. तो लढाईवर जातो. तिचा भाऊ खोटं पत्र आणतो, की लेआंद्रो मेला. ती बाई शहानिशा करत नाही, चार जणांना विचारत नाही, थेट मला उचलते. अर्धं पिते, आणि दोन मिनिटांत लेआंद्रो धडधाकट हजर! इतकी वर्षं झाली, पण या बाबाला दोन मिनिटं लवकर निघायचं काही सुचलं नाही. मग ती पाव तास गात मरते, उरलेलं विष तो पितो, आणि तोही गातच मरतो.

हे साऱ्या गावाला पाठ. तरी खाटकाची बायको क्लेलिया दरवेळी सज्जातून ओरडते, "पिऊ नकोस गं बाई, येतोय तो!" मग डोळे पुसते आणि हातातलं सॉसेज संपवते.

मरण आवडलं, की लोक "बिस! बिस!" करतात. म्हणजे पुन्हा. मग मेलेल्यांनी उठायचं, कपडे झटकायचे, नाझारेनोनं मला भरायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून मरायचं. आमच्याकडची रीतच आहे ती. बाहेरगावचे हसतात, हसू देत.

आता ज्यासाठी बोलायला बसलो ते सांगतो. एर्सिलिया ही नाझारेनोची भाची. सहा हिवाळे तीच इझौरा झाली. लेआंद्रो व्हायचा आत्तिलिओ, गावातला पाववाला. आठवडाभर भट्टीपुढे घाम गाळायचा आणि रविवारी दुपारी प्रेमापायी जीव द्यायचा. त्याचं तिच्यावर खरंच प्रेम होतं. गाऊन तो ते साऱ्या गावासमोर सांगे. न गाता सांगायची वेळ आली, की गडी पिठाच्या गोष्टी काढी. मला हे ठाऊक, कारण पडदा पडेपर्यंत दोघं शेजारी मरून पडलेली असत आणि वाकड्या बुडामुळे मी गडगडत त्यांच्यापाशीच जाई. प्रेतांच्या गप्पा माझ्याइतक्या कुणी ऐकल्या नसतील.

सहाव्या हिवाळ्यात दूर अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सच्या एका ऑपेरा मंडळीनं एर्सिलियाला बोलावलं. शेवटच्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी ती बोटीसाठी जेनोआ बंदराला निघणार होती. मी मनात म्हटलं, आत्तिलिओ, आज तोंड उघडलं नाहीस तर मेलास, आणि या खेपेला खराखुरा.

दोघं मेली. तिनं डोळे मिटूनच विचारलं, "काही म्हणायचंय?"

"तुझं कोपर लागतंय," तो म्हणाला.

"बरं." तिनं कोपर काढून घेतलं. मी पत्र्याचा, तरी जीव तुटला माझा.

लोकांनी "बिस" केलं. दोघं उठली, नाझारेनोनं मला भरलं. पण एर्सिलियानं मला तोंडाला लावलं ते थेंबही न ठेवता रिकामं केलं. आत्तिलिओनं मला उचलून आत पाहिलं आणि त्याचा सूर हलला. तरी मला ओठांना लावून तो पडला.

"माझं विष कुठंय?" त्यानं पडल्या पडल्या विचारलं.

"संपवलं मी. आता मरायची सोय नाही. बोल."

पडदा खाली येऊ लागला. आमचा पडदा जुना, दोरी अडकत अडकत येते. त्या दिवशी मी त्या दोरीला दुवा दिला.

"मी बोटीचं तिकीट काढलंय," आत्तिलिओ म्हणाला. "तुझ्याच बोटीचं, खालच्या वर्गाचं. तीन आठवडे खिशात घेऊन फिरतोय. भट्टी भावाला दिली. तिथं... तिथंही माणसं पाव खात असतील ना?"

पडदा टेकला. बाहेर टाळ्या थांबल्या, लोक कोट घालू लागले, क्लेलिया नाक शिंकरत निघाली. या दोघांना आता कुणी उठवणार नव्हतं. तेव्हा डोळे न उघडताच एर्सिलिया हळूच म्हणाली,

"बिस."

दोघं बोटीला निघाली, तेव्हा एर्सिलियानं मला मागितलं होतं. "आणि इथं मरायचं कशानं?" म्हणून नाझारेनोनं दिलं नाही. आता नाझारेनोही नाही. माझा सोनेरी रंग उडालाय, दोन काचा पडल्यात. नवी जोडी माझ्यातूनच मरते. पण ती दोघं मरून पडली की गपचूप पडून राहतात, आणि मला त्या दोघांची फार आठवण येते.

मागणं एवढंच, की नव्या लेआंद्रोला कुणीतरी सांगा, लसूण खाऊन माझ्याजवळ येऊ नकोस. आणि तुमच्या खिशात असं एखादं तिकीट असेल, तर माझ्यापर्यंत वेळ येऊ देऊ नका. दोन मिनिटं लवकर निघा.