उतरलेली पट्टी

आमच्या बँडला लोक चोरांचा बँड म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. ‘सेकंडहँड संडे’ असं नावच होतं आमचं. गिटारी आमच्या, बोंबलणं आमचं, बाकी सगळं उचललेलं. रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या, जुन्या तबकड्यांवरचे ढोल, क्रॅडली हीथच्या बाजारातल्या मासेवाल्याची हाळी. सापडेल ते मी टेपवर धरायची आणि माझ्या सॅम्पलरमध्ये कोंबायची. पेटीसारख्याच पट्ट्या त्याला. एक दाबली की मासेवाला ओरडायचा, दुसरी दाबली की समुद्रावर वादळ यायचं.

त्या यंत्राच्या पोटात जागा मात्र इवलीशी. म्हणून आम्ही टेप जोरात पळवून आवाज आत भरायचो. पळता आवाज कमी जागेत मावतो. मग वाजवताना डावीकडची, खालची पट्टी दाबायची, की तो सावकाश होऊन मूळच्यासारखा येतो. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की कोणता आवाज पळवला आणि कोणता नाही, हे कुणी लक्षातही ठेवत नसे.

आमचं एकच गाणं खरं गाजलं, आणि त्याची सुरुवात व्हायची जॅनिसच्या आवाजानं. जॅनिस म्हणजे नेव्हची, आमच्या गायकाची बायको. अंगणात गिटार कुटत बसलेल्या नेव्हला ती स्वयंपाकघरातून हाक मारत होती, ती मी टेपवर धरली. ‘नेव्ह, ये की आत. चहा गार होतोय.’ बस, एवढंच. नेव्ह तेव्हा आकाशाला टेकेल अशा पट्टीत गायचा, त्यामुळे ती हाकही वरच्याच पट्टीत बसली. चिरकी, लगबगीची, खारीनं बोलावं तशी. ऐकून जॅनिस हसून हसून जमिनीवर बसली होती. तिच्या पोटात तेव्हा टॅमझिन होती.

टॅमझिन मान धरायच्या आत जॅनिस गेली. डोक्यात रक्तस्राव झाला म्हणाले. मूळ टेपवर आम्ही कधीच दुसरं काहीतरी भरलं होतं, टेप कोण नवी घेणार? उरली ती खारीची हाक.

बँड पुढे विझला. ‘आमचा ढोल का उचललात’ म्हणून वकील मागे लागले, पोरांना दुसरी गाणी आवडायला लागली. बेस वाजवणारा कीथ बस चालवायला लागला, मी शाळेच्या जेवणघरात वाटाणे वाढायला लागले. आणि मग परवा-परवा कुठल्याशा पोरांना ते गाणं सापडलं, अन् बघता बघता वुल्व्हरहॅम्प्टनच्या हॉलची सगळी तिकिटं संपली. आमचे गुडघे वाजायला लागले तेव्हा जगाला आमचं वाजवणं आठवलं. घ्या!

रविवारी दुपारी आम्ही कामगार क्लबाच्या मागच्या खोलीत जमायला लागलो. खिडकीबाहेर कालवा, कालव्यावर धुकं, धुक्यातून एखादी बोट आवाज न करता जायची. आत सॅम्पलरचा पंखा घुरघुरत असायचा. फ्लॉपी खरखरत आवाज भरत असताना आम्ही तिघं गप्प बसायचो. तेवढ्यात ऊन भिंतीवरून सरकून कीथच्या टकलावर यायचं. मला तर वाटायचं, मधली वर्षं कुणाला तरी पडलेलं स्वप्न होतं, आणि जॅनिस आता पाव घेऊन येईलच.

पाव घेऊन यायची टॅमझिन. चीज आणि कांद्याचे पाव, मोठ्या किटलीत चहा. बापाला व्हॅनमधून आणणं-नेणं तिच्याकडे. उंच, गंभीर पोरगी, आणि आवाज असा जाड, की फोनवर लोक तिला ‘सर’ म्हणतात.

“कुणावर गेलीस कोण जाणे,” नेव्ह तिला चिडवायचा. “तुझी आई म्हणजे चिमणी होती नुसती.”

“चिमणी होती, चिमणी,” कीथ पावाचा घास तोंडात ठेवून म्हणायचा. मीही मान हलवायची. मलाही तसंच आठवायचं.

त्या रविवारी मात्र टॅमझिननं किटली टेबलावर आपटली.

“डॅड, ती हाक काढून टाक गाण्यातून. नाहीतर मी हॉलवर येणार नाही.”

“काढू? अगं, गाणं म्हणजेच ती हाक आहे!”

“तुझ्यासाठी गाणं. शाळेत पोरं माझ्या मागे चिरकत फिरायची, ‘चहा गार होतोय.’ अजून दुकानात कुणी ओळखलं की चिरकतं. माझ्याकडे आईचं दुसरं काही नाही, डॅड. फोटो बोलत नाहीत. आणि जे आहे ते ऐकून लोक हसतात. मला तो आवाज आपला वाटतच नाही. कुणा कार्टूनची मुलगी असल्यासारखं वाटतं मला.”

नेव्हनं माझ्याकडे बघितलं. मी फ्लॉपीकडे बघितलं.

“आज एकदा वाजवतो,” तो शेवटी म्हणाला. “मग तू म्हणशील तसं.”

ती दाराशी जाऊन पाठ करून उभी राहिली, कालव्याकडे बघत.

वाजवायला सुरुवात केली, आणि नेव्हचा आवाज पहिल्याच ओळीला फाटला. पुन्हा केलं, पुन्हा फाटला. बिचाऱ्याचा गळा लालबुंद झाला.

“पट्टी उतरव रे बाबा,” कीथ म्हणाला. “तू आता विशीतला आहेस का?”

“मी पट्टी उतरवणार नाही. लोकांनी तिकिटं त्या गाण्याची काढलीत.”

“लोकांनी तिकिटं काढलीत, तुझ्या मयताला यायचं म्हणून नव्हे,” मी म्हटलं. राग आला होता मला. पोरीची पाठ बघवत नव्हती, आणि हा मेला स्वतःच्या तारुण्याला चिकटून बसलेला. “उतरव म्हणते ना! तुझा गळा जिथे बसतो तिथून गा.”

त्यानं गिटारीच्या तारा सैल केल्या. मग खालच्या सुरात गुणगुणायला लागला. आणखी खाली. तिथे गळा बसला. जाड, थकलेला, पण खरा आवाज. कीथनं बेस जुळवला, आणि गाणं उतरलं तशी मलाही हाक उतरवणं भाग होतं. मी हात डावीकडे नेला, खालची पट्टी शोधली आणि दाबली.

“नेव्ह... ये की आत. चहा गार होतोय.”

कुणीच वाजवेना.

खारीचा आवाज नव्हता तो. एका बाईचा आवाज होता, जाडसर, निवांत, थोडा कंटाळलेला, खूप लाडाचा. मागे बशीचा आवाजही होता, तो आम्ही कधी ऐकलाच नव्हता. टेप पळवून भरली होती, सगळ्या टेपांसारखीच, आणि आम्ही तिला कधी परत जागेवर आणलंच नव्हतं. इतकी वर्षं ऐकून ऐकून आम्ही जॅनिसलाच चिमणी करून टाकलं होतं. नवऱ्यानंसुद्धा.

“देवा,” नेव्ह म्हणाला. “अशीच बोलायची. देवा रे, ती अशीच बोलायची, आणि मी विसरलो.” तो भिंतीकडे तोंड करून रडायला लागला.

टॅमझिन वळली होती. तिचा हात स्वतःच्या गळ्यावर होता.

“आंटी ग्लेन,” ती अगदी हळू म्हणाली. “पुन्हा लाव.”

मी लावलं. पुन्हा लावलं. ऊन भिंतीवरून खाली उतरत गेलं, कालव्यावरून एक बोट गेली, आणि ती बाई आम्हाला आत बोलावत राहिली. कीथ नाक पुसत होता. मग मी थांबले, हात मांडीवर ठेवले.

नेव्ह अजून भिंतीकडेच तोंड करून होता. आणि खोलीत पुन्हा तो आवाज आला, तसाच, निवांत.

“ये की. चहा गार होतोय.”

“बस कर गं ग्लेनिस,” नेव्ह न वळता म्हणाला. “आता नको वाजवूस.”

तो वळला तेव्हा मी दोन्ही हात वर करून त्याला दाखवले. टेबलाशी त्याची पोर कपात चहा ओतत होती.