दहा नावांची काच

मित्रांनो, माझं वय दीडशेच्या पुढे आहे आणि मी काचेची आहे. एवढी वर्षं मी न फुटता राहिले याचं लोकांना फार कौतुक वाटतं. मला वाटत नाही. मी वेळेवर फुटले असते तर सहा माणसं जगली असती.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. भट्टीसमोर उभ्या माणसांनी गाल फुगवून फुंकलं, मला लाटून सपाट केलं, हिऱ्याच्या टोकाने कापलं. माझ्या बहिणी लोकांच्या खिडक्यांत बसल्या. मी पॅरिसच्या मेनिलमोंताँ टेकडीवर बाप्तिस्त फोर्नेल नावाच्या फोटोवाल्याकडे आले. तेव्हा फोटो काचेवरच निघायचा. काचेवर औषध ओतायचं, ते ओलं असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची, लगेच काढून अंधाऱ्या खोलीत धुवायची. मग तिच्यावर कागद दाबून गच्चीवर उन्हात ठेवायचा, की कागदावर माणूस उमटायचा.

आणि फोटो कुणी घेतला नाही, की काच पुसायची. खडूची भुकटी आणि दारूच्या अर्काचा बोळा घेऊन फोर्नेल एका दुपारी आठ-आठ काचा पुसायचा. माझ्यावरून एक नवरदेव पुसला गेला, एक जाडा वाणी आणि त्याची त्याहून जाडी बायको पुसली गेली. कुणाचं काही बिघडलं नाही. पुसणं हे आमच्या दुकानातलं रोजचं काम होतं. हे लक्षात ठेवा.

१८७० सालच्या हिवाळ्यात शत्रूने शहराला वेढा घातला होता. लोकांनी घोडे खाल्ले, मग उंदीर खाल्ले. वसंतात सरकारने शत्रूशी तह केला आणि आपल्याच लोकांच्या तोफा काढून घ्यायला पहाटे सैन्य पाठवलं. त्या तोफा गरिबांनी वर्गणी काढून ओतून घेतल्या होत्या. बायका तोफांपुढे आडव्या उभ्या राहिल्या, शिपायांनी गोळी झाडायला नकार दिला, आणि सरकार ट्रंका भरून शहराबाहेर व्हर्सायला पळालं. त्या पळण्याचा फोटो कुणी काढला नाही. म्हणून तुमच्या पुस्तकात ते पळणं नाही. पुस्तकात सरकार नेहमी उभं असतं, नाहीतर घोड्यावर असतं.

एप्रिलमध्ये आमच्या कोपऱ्यावर लोकांनी रस्त्याचे दगड उपसून बॅरिकेड रचलं. छातीएवढ्या उंचीचं. त्यात एक मोडका पलंग आणि धोबीघाटावरची दोन पिंपंही होती. कॅमेरा आणि माझी पेटी घेऊन फोर्नेल तिथे गेला.

"नागरिकहो, उभे राहा!" तो म्हणाला. त्या दिवसांत सगळे एकमेकांना नागरिक म्हणायचे, आणि म्हणताना ताठ व्हायचे.

अकरा माणसं उभी राहिली. मधोमध एवारिस्त. हा जोडे शिवणारा, लालसर दाढीचा, मजबूत हातांचा. त्याची बायको क्लोतिल्द धोबीघाटावरून ओल्या बाह्यांनी धावत आली.

"एवढं छाताड काढून उभा आहेस," ती म्हणाली, "शर्टाला बटण आहे का ते बघ आधी."

"बटण पोटापाशी नाहीये. पोट आत घेतलंय."

"पोट आहे कुठे तुला? उंदरांवर वाढलंय होय?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने हसला तो तिबो, लोकांच्या घरी शेगड्या बसवणारा म्हातारा.

"मी बारा आकडे मोजणार," फोर्नेलने बजावलं. "बारा होईपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही. हलला त्याचा धूर होईल. तिबो, तोंड बंद!"

"बारा आकडे?" तिबो म्हणाला. "माझी बायको बारा वर्षं सांगत होती रे. तिलाही जमलं नाही."

फोर्नेलने झाकण काढलं. उजेड माझ्या अंगावर आला. ती अकरा माणसं अशी उभी राहिली की देवळातली दगडी माणसं लाजावीत. जन्मात कुणी त्यांचं चित्र काढलं नव्हतं. एवारिस्तने श्वास रोखला होता; त्याच्या मानेवरची शीर ताठलेली मी पाहिली. सातव्या आकड्याला कोपऱ्यावरून वाइनची गाडी गेली आणि तिबोने मान वळवली.

धुतल्यावर दहा चेहरे आरशासारखे स्वच्छ निघाले. अकराव्याच्या खांद्यावर नुसता धूर.

"सत्यानाश केलास!" एवारिस्त त्याच्यावर खेकसला. "एवढं एक काम होतं!"

मग त्याने फोर्नेलचा हात धरला. "खाली नावं टाक. राजाच्या चित्राखाली राजाचं नाव असतं. सेनापतीच्या घोड्याचंसुद्धा असतं. आमची का नकोत?"

"काचेवरच्या थरात कोरावी लागतील. सुईने, उलटी."

"कोर. आणि माझ्या नावापुढे गल्लीही टाक. या टेकडीवर एवारिस्त तिघं आहेत. उद्या दुसराच कुणी मिरवेल."

ही चूक, मित्रांनो, श्रीमंत माणूस करत नाही. त्याचं नाव सगळीकडे आधीच लिहिलेलं असतं. ज्याचं कुठेच लिहिलं गेलं नाही, तोच आपलं नाव पत्त्यासकट काचेवर कोरून घेतो.

फोर्नेलने माझ्या खालच्या कडेला दहा नावं कोरली. तिबोचं कोरलं नाही. "तोंडच नाही, तर नाव कशाला?" म्हणाला. तिबो तीन दिवस कुणाशी बोलला नाही.

महिनाभर मी राज्य केलं. गच्चीवर उन्हात माझ्यावर कागद दाबले जात, आणि पलंगांच्या उशाशी, खानावळींत, पावाच्या भट्टीत माझे फोटो लागत. फोर्नेलच्या हातून एवढा चांगला फोटो आजवर निघाला नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो मला उजेडासमोर धरून दाखवायचा. आपली स्तुती ऐकायला मला आवडत होतं. खोटं का बोलू?

मे महिन्यात व्हर्सायला पळालेल्या सरकारचं सैन्य शहरात घुसलं. ते पश्चिमेकडून एकेक रस्ता घेत येत होतं, आणि पकडलेल्यांना भिंतीशी उभं करून गोळ्या घालत होतं. ही बातमी आली त्याच सकाळी क्लोतिल्द दुकानात आली.

"फोर्नेल, ती काच पूस."

"कुठली?"

"वेड पांघरू नकोस. नावांची. घरातला फोटो मी चुलीत घातला, शेजारणींनाही घालायला लावला. आता काच तेवढी राहिली. तू पुसलीस तर एवारिस्त घरी बसेल. दाढी काढलीय, बंदूक विहिरीत टाकलीय. जोडे शिवणारा जोडे शिवतोय, कोण बोट दाखवणार? नाही पुसलीस तर आजच त्याला शेतांतून पूर्वेकडे पळायला सांगते. शहराच्या तटापलीकडे ते वेढा घालणारे शत्रूचे शिपाई अजून आहेत, त्यांनी गोळी घातली तर घातली. पण खरं सांग."

म्हणजे बघा, काय पणाला लागलं होतं: एक माणूस घरी राहणार की पळणार, हे माझ्यावर होतं. मी पुसली गेले की नाही, एवढ्यावर.

"पुसतो," फोर्नेल म्हणाला. "आत्ता पुसतो. तू जा."

तिने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. सोड्याने फाटलेले हात होते तिचे. "देव तुझं भलं करो," म्हणाली. त्या दिवसांत तिने देवाचं नाव टाकून दिलं होतं, पण तेव्हा तेच तोंडात आलं.

ती गेली. फोर्नेलने बोळा घेतला, अर्क घेतला, मला मेजावर ठेवलं. मी वाट पाहत होते. त्याने मला उजेडासमोर धरलं. बराच वेळ पाहिलं. "असा पुन्हा निघायचा नाही," स्वतःशीच म्हणाला. मग मला फडक्यात गुंडाळून रिकाम्या काचांच्या तळाशी ठेवलं.

संध्याकाळी क्लोतिल्दने खिडकीतून विचारलं, "झालं?"

"झालं," तो म्हणाला.

चार दिवसांनी शिपाई आले. अधिकारी तरुण होता, हातमोजे घातलेला. त्याच्याकडे एका खानावळीतून फाडून आणलेला माझा अर्धा फोटो होता. तोंडं होती, नावांची पट्टी जळलेली.

"हा कुणी काढला?"

फोर्नेलचे ओठ पांढरे पडले. "साहेब, मी फक्त फोटो काढतो. कुणाचेही काढतो."

"मग यांच्या रांगेत उभा राहशील की काच देशील?"

त्याने काच दिली. अधिकाऱ्याने मला धरलं आणि वैतागला. "हे सगळे काळे का?" मित्रांनो, काचेवर सगळं उलटं असतं, गोरा काळा आणि काळा गोरा. कागदावर छापायला ऊन लागतं, आणि त्या दिवशी शहर जळत होतं, आकाशात नुसता धूर. तेव्हा फोर्नेलनेच युक्ती सांगितली. "मागे काळं कापड धरलं, साहेब, की चेहरे सरळ दिसतात."

"मग तूच चल. कापड घेऊन."

फोर्नेल आमच्याबरोबर चालला. कोरलेली गल्ली वाचायची गरज पडली नाही, त्याला ती पाठ होती.

एवारिस्त कामाच्या बाकावर बसला होता, मांडीवर जोडा, तोंडात खिळे. दाढीशिवाय तो दहा वर्षांनी लहान दिसत होता. अधिकाऱ्याने मला त्याच्या गालाशेजारी धरलं. फोर्नेलने मागे कापड धरलं. कान, नाक, मानेवरची शीर. बारा आकडे न हलता त्याने जे जे मला दिलं होतं, ते सगळं मी दाखवलं. मला दुसरं काही येत नाही.

"एवारिस्त?" अधिकाऱ्याने नाव वाचलं.

त्याने तोंडातले खिळे एकेक काढून डबीत ठेवले. "हो," म्हणाला.

क्लोतिल्द दारात उभी होती. ती नवऱ्याकडे नाही, शिपायांकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मग फोर्नेलकडे.

"झालं म्हणालास."

फोर्नेल कापडाची घडी घालत राहिला. चौकोनी, नीट.

दहापैकी सहा जण घरीच सापडले. सगळ्यांना क्लोतिल्दनेच धीर दिला होता, की काच पुसलीय, घाबरू नका. त्यांना गल्लीच्या टोकाच्या भिंतीशी नेलं. तिबो तिथेच उभा होता. अधिकाऱ्याने माझ्यावरच्या धुराकडे बोट दाखवलं. "हा कोण?"

"कोण जाणे," तिबो म्हणाला. "ज्याला एवढा वेळही धड उभं राहता येत नाही, असा कुणी दारुडा असेल, साहेब." भिंतीशी उभा असलेला एवारिस्त हे ऐकून हसला. तिबो पुढे सोळा वर्षं जगला, आणि ते हसू आठवून रोज रडला.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. काम झाल्यावर अधिकाऱ्याने मला फोर्नेलकडे देऊन टाकलं. सरकार परत आलं, आणि फोर्नेलने माझे फोटो पुन्हा छापले. खाली नवी ओळ: 'पॅरिस जाळणारे गुंड'. मोठ्या रस्त्यांवरच्या दुकानांत हातपंखे आणि लेसच्या शेजारी मी टांगले गेले. हॅटवाल्या बाया मला विकत घेऊन घरच्या अल्बमात, आत्याबाईंच्या शेजारी चिकटवत. नऊ वर्षांनी सरकारने उरलेल्यांना माफी दिली. वारं फिरलं तसा फोर्नेलही फिरला. तोच फोटो, तेच चेहरे, खाली ओळ: 'आमचे शूर हुतात्मे'. त्याच्या दाराशी रांग लागली.

तेव्हा क्लोतिल्द दुसऱ्यांदा दुकानात आली. केस पांढरे झाले होते.

"बाई, बसा," फोर्नेल म्हणाला. आता तो तिला अहोजाहो करत होता. "बघा ना, काय मान मिळतोय तुमच्या नवऱ्याला. मी तेव्हा पुसली असती तर आज हा चेहराच उरला नसता."

"चेहरा उरला नसता," ती म्हणाली, "माणूस उरला असता."

फोर्नेल मेजावरचे कागद सरळ करू लागला.

"दाखव."

त्याने मला मेजावर ठेवलं, खाली काळं कापड सारलं. तिच्याजवळ नवऱ्याचं एकही चित्र नव्हतं; होतं ते तिने स्वतः चुलीत घातलं होतं. ती वाकली. तिचा श्वास माझ्यावर धुक्यासारखा बसला, तो तिने बाहीने पुसला आणि पुन्हा पाहिलं. पलीकडच्या घरात कुणीतरी कणीक मळत होतं, तो थपथप आवाज येत होता. कणीक मळून झाली तरी ती पाहतच होती.

"एक कागदावर काढून देतो," फोर्नेल हळूच म्हणाला. "तुमच्यासाठी. तसाच."

"नको."

मेजावर त्याचीच पाती पडली होती, डाग खरवडायची. तिने ती उचलली आणि एवारिस्तच्या कपाळावर टेकवली. फोर्नेल ओरडला, पण हात पुढे केला नाही. चित्रावर फासलेलं रोगण जुनं, कडक झालेलं होतं. वेळ लागला. आधी कपाळ गेलं, मग डोळे, दाढी, मान. खाली उतरून तिने नाव खरवडलं, मग गल्ली. भुकटी तळव्यावर गोळा केली आणि रुमालात बांधली.

"बाकीच्यांचं त्यांच्या घरच्यांना विचार," म्हणाली. "हा माझा होता."

आज मी एका संग्रहालयात असते. मला पांढरे हातमोजे घालून उचलतात. तेवढ्या हळुवार हातांनी त्या दहा जणांना कुणी कधी उचललं नव्हतं. शाळेतली मुलं रांगेने येतात. माझ्याखाली लिहिलंय: 'बंडखोरांचा गट. मधली व्यक्ती अज्ञात. काचेचा भाग खराब झालेला.' खराब! माझ्या अंगावर तेवढी एकच जागा धड आहे. तिथून पलीकडचं दिसतं. तुम्ही वाकून पाहिलंत, तर समोर उभा असलेला तुमचाच मित्र दिसेल.

मला जपा, असं मी म्हणणार नाही. मला जपणारे पुष्कळ आहेत, आणि मला जपूनच सगळा घात झाला. तुमच्याकडे आता काचा नाहीत, पण खिशाखिशात चेहरे आहेत. मोर्चातले, मैदानातले, मित्रांचे. नावांसकट. एखाद दिवशी हातमोजे घातलेला कुणीतरी येऊन ते मागेल, गोड बोलून मागेल. त्याच्या आधी एखादी बाई येऊन तुमचे हात धरेल. तिला नाही म्हणायचं असेल तर तोंडावर नाही म्हणा, म्हणजे तिचा माणूस वेळेत पळेल. आणि पुसतो म्हणालात, तर पुसा.