उजवा रकाना

कागदावर चाळीस रेघा होत्या. आखूड, आडव्यातिडव्या, पानभर विखुरलेल्या. प्रत्येक रेघेवर पेन्सिलीने काट मारायची, एवढंच काम. घड्याळजींनी एकोणीस रेघांवर काट मारली, पेन्सिल खाली ठेवली आणि खुर्चीत मागे टेकले. एकोणीसच्या एकोणीस रेघा पानाच्या उजव्या अर्ध्या भागात होत्या.

"झालं?" थेरपिस्टने विचारलं.

"झालं की. जरा बारीक काम नाही का काही? हे तर शाळेतलं झालं."

बायको शेजारी बसली होती. डावीकडे राहिलेल्या रेघा तिने मोजल्या. एकवीस. पुन्हा मोजल्या. पस्तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून केसाएवढे स्क्रू उचलणारा माणूस अर्ध्या पानाकडे पाठ फिरवून खुशाल बसला होता.

थेरपिस्ट तरुण होती, फार तर पंचविशीची. तिने बायकोला बाहेर बोलावून समजावलं. डोळे ठीक आहेत, कान ठीक आहेत. पक्षाघाताचा झटका मेंदूच्या उजव्या भागात आला, त्यामुळे डावं जग ध्यानात घ्यायचंच राहून जातं. तिकडे काही असेल हे सुचतच नाही.

"म्हणजे मुद्दाम करत नाहीत?"

"नाही हो काकू."

"अगदी जवळ असलं तरी?"

"डावीकडे असेल तर, जवळ असलं तरी."

"आणि आपण काही गाळतोय, हेही कळत नाही त्यांना?"

"तोच तर सगळा प्रश्न आहे. काय गाळतोय ते कळलं असतं, तर गाळलंच नसतं."

बायकोचा जीव भांड्यात पडला. ती भिंतीला टेकली आणि हसली. थेरपिस्टने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं.

घरी करायचं काम एका वहीत होतं. रोज पाच हाका डावीकडून, पाच उजवीकडून. हाक मारायची, स्टॉपवॉच सुरू करायचं, मान वळली की बंद करायचं. तीस सेकंदांत वळली नाही तर 'तीस' लिहून पुढे जायचं. उजवी बाजू चांगली आहे, थेरपिस्ट म्हणाली होती, तिकडून एकदोन सेकंद लागतील. डावीकडचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा.

पहिल्या दिवशी ती डावीकडे उभी राहिली.

"अहो."

तीस. पाचही वेळा तीस. तिने आकडे लिहिले आणि खिडकीच्या बाजूने वळसा घालून उजवीकडे आली.

"अहो."

घड्याळजी मांडीवरचं वर्तमानपत्र वाचत होते. काटा फिरत राहिला. तीस. तिने स्टॉपवॉच कानाशी धरून पाहिलं. दुकानातलंच होतं, खुद्द त्यांनी लावून ठेवलेलं, चुकणारं नव्हतं. दुसऱ्या हाकेला तीस. तिसऱ्या हाकेला त्यांनी पान उलटलं.

इतक्यात दार ढकलून धाकटे भावजी आत आले.

"दादा!"

ते उजवीकडूनच आले होते. तिचं बोट बटणावर पडायच्या आधी घड्याळजींची मान वळली होती.

"ये रे. बघ, या लोकांनी मला अर्धा करून टाकलाय."

"अर्धा कसला? तोंड पुरतं शाबूत आहे," भावजी म्हणाले. "वहिनी, ऐकलंत का? डावी बाजू म्हणे याच्या खिजगणतीतच नाही आता. तुम्ही आपल्या उजवीकडे बसत चला."

"हो ना," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

चहा उकळेपर्यंत तिने ओट्यावर वही उघडली. डावा रकाना भरलेला होता. उजव्या रकान्यात तिने लिहिलं: दोन, एक, एक, दोन, एक. थोडं थांबून शेवटच्या 'एक'चा 'तीन' केला. सगळे आकडे सारखे असले की खोटे दिसतात, एवढं तिला घड्याळजीच्या घरात राहून कळत होतं.

पुढचे सात आठवडे घरात बरे गेले. ती त्यांच्या डावीकडे बसू लागली. ताटातला डावीकडचा घास तसाच राहिला, की न चिडता ताट फिरवून ठेवायची. डावी बाही घालून द्यायची. बोललेल्या गोष्टीला उत्तर आलं नाही, की मनाशी म्हणायची, डावीकडे आहे ना मी. बरं वाटायचं. कित्येक वर्षांत तिने इतक्या गोष्टी सांगितल्या नव्हत्या: शेजारणीचं गुडघ्याचं दुखणं, गळका नळ, कधीतरी स्वतःची आईसुद्धा. रोज दहा हाका मात्र न चुकता व्हायच्या. डाव्या रकान्यात खरं लिहायची, उजव्यात लिहायचं तेच लिहायची.

सातव्या आठवड्याच्या शेवटी थेरपिस्टने पुन्हा चाळीस रेघांचा कागद पुढे केला. घड्याळजींनी डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. एकही रेघ सुटली नाही.

"वा, काका! चाळीसपैकी चाळीस."

"आता तरी बारीक काम द्या."

थेरपिस्टने वही उघडली. पानं उलटताना तिच्या कपाळावर आठी पडली. "काकू, घरी डावीकडून अजून तीसच? काल सकाळीसुद्धा?"

"हो."

"एकदाही कमी नाही? हे जुळत नाही. इथे तर पूर्ण बरे दिसतायत. आपण इथेच करून बघू."

ती घड्याळजींच्या डावीकडे गेली. "काका." एक सेकंद. उजवीकडे आली. "काका." एक सेकंद.

"किती हाका मारशील, पोरी? बहिरा नाही झालो मी."

थेरपिस्ट हसली. "आता तुम्ही, काकू. आधी उजवीकडून. ती बाजू पहिल्यापासून चांगली आहे, म्हणजे आपल्याला ताडायला आकडा मिळेल."

"माझा घसा बसलाय," बायको म्हणाली.

"एकच हाक. नेहमी मारता तशी."

"वहीत लिहिलंय ना सगळं."

"लिहिलंय म्हणूनच तर. वहीत काहीतरी चुकतंय."

बायको उठली. साडीचा पदर उगाच सारखा केला. घड्याळजींच्या उजव्या खांद्यापासून दोन हातांवर उभी राहिली. खोलीत आवाज नव्हता. थेरपिस्टने स्टॉपवॉच वर धरून मान हलवली.

"अहो."

घड्याळजी समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिथे एक गोल घड्याळ होतं.

"हे चार मिनिटं मागे आहे," ते थेरपिस्टला म्हणाले. "सेल बदलून भागणार नाही, उघडावं लागेल."

थेरपिस्टची नजर स्टॉपवॉचवरून वहीच्या उजव्या रकान्यावर गेली, सात आठवड्यांच्या एक, दोन आणि तीनवर. मग ती बायकोकडे वळली. बायको जमिनीकडे बघत होती.

थेरपिस्टने बटण दाबलं, पेन उघडलं आणि तपासणीचा कागद भरला.

रेघा: चाळीसपैकी चाळीस. हाक, डावी बाजू, थेरपिस्ट: एक सेकंद. हाक, उजवी बाजू, थेरपिस्ट: एक सेकंद. हाक, उजवी बाजू, पत्नी: तीस सेकंद, मान वळली नाही.