बिनदोऱ्याची मशीन

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. काळी, पायाने चालवायची. मानेवरची सोनेरी वेलबुट्टी आता अर्धीमुर्धीच उरली आहे. माझी सुई जशी प्रत्येक कापडाच्या आरपार डोकावते, तशी मला माणसांतही डोकावायची खोड आहे. हा असा का वागतो, ती अशी का बोलते, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या खोडीमुळेच ही गोष्ट माझ्यापाशी राहिली.

कारखान्यात मी घडले, तेव्हाचं फारसं आठवत नाही. भट्टीची धग, आणि मानेवर सोनेरी पान उमटवताना कुणीतरी रोखून धरलेला श्वास, एवढंच. मग मी ठाण्याला सावळाराम शिंप्यांच्या दुकानात आले. मास्तर गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, "बघा, चालतेय की नाही तेही कळत नाही. मांजराच्या पावलांची आहे माझी मशीन!"

पण वर्षं सरली. माझ्या पायडलचा सांधा ढिला झाला आणि मी खडखड करू लागले. दुकानात नवी मशीन आली. मला दाराआड सरकवलं. माझ्यावर आधी चिंध्या ठेवल्या, मग जुने कागद, मग चक्क चहाचे कप. शेवटी मास्तरांनी मला एका संस्थेला देऊन टाकलं.

संकटातून सावरणाऱ्या मुलांना ही संस्था मदत करायची. कुणाला वह्यापुस्तकं, कुणाला औषधपाणी, कुणाला हातात कसब यावं म्हणून एखादं साधन. मला मोठं नवल वाटलं. जी स्वतःच अडगळीत पडलेली, ती दुसऱ्याला काय सावरणार?

पंचाहत्तर सालच्या थंडीत टेम्पोतून मी भिवंडीजवळच्या अंजूर गावात उतरले. ठकुबाईंच्या पडवीत मला ठेवलं. ठकुबाईंची भाची तुळजा, सोळा वर्षांची, आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ नवशा नुकतेच तिथे राहायला आले होते. भिवंडीतल्या नारपोलीत, कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्याच्या भिंतीला लागून त्यांची खोली होती. कारखान्याला आग लागली आणि त्यात त्यांचे आईवडील दोघंही गेले. आत्याने पोरांना उराशी धरून गावी आणलं.

संस्थेच्या सरोजिनीबाई शाळेत शिकवायच्या. त्या तुळजाला म्हणाल्या, "पावसाळ्याच्या तोंडाला मी परत येईन. तोवर शिवणकामाला लागलीस, तर मशीन कायमची तुझी. नाही जमलं, तर खारबावची एक मुलगी वाट बघतेय. मग तिला द्यावी लागेल हं."

तुळजाने मान डोलावली. पोरगी हुशार होती. महिन्याभरात तिची शिवण सरळ येऊ लागली.

मला कोडं पडलं ते नवशाचं. तो झोपायचाच नाही. डोळे मिटले की दचकून उठायचा आणि तारवटल्या नजरेने दाराकडे बघत बसायचा. पोर पार वाळून गेलं. ठकुबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, जायफळ उगाळून दिलं. काही उपयोग होईना. अंजुरात किती शांत! समोर भातखाचरं, पलीकडून खाडीचा वारा. अशा ठिकाणी म्हातारी माणसं बसल्या बसल्या डुलक्या काढतात. मग हे एवढंसं लेकरू कशाला घाबरतं?

एका दुपारी तुळजा झंपर शिवत होती. दोरा तुटला. तिचं ध्यान कुठेतरी दुसरीकडेच होतं. ती तशीच पायडल मारत राहिली, आणि मी नुसतीच खडखडत राहिले. नवशा माझ्या चाकाशी बसला होता. त्याने हळूच माझ्या लोखंडी पायावर डोकं टेकलं आणि झोपला! तुळजाने बघितलं आणि ती थांबली. त्याने झटकन डोळे उघडले. "ताये, चालू कर!"

त्या दिवसापासून माझं कामच बदललं. झंपर शिवायचा म्हणजे खांदा झाला की थांबा, बाही लावली की थांबा. दर थांबण्याला नवशा जागा. म्हणून तुळजा दोरा काढून ठेवायची आणि मला रिकामीच चालवायची. शेजारची धोंडूबाई कुडाच्या कुंपणावरून हसायची.

"काय गो तुळजा, वारा शिवतेस काय?"

"हो मावशी, तुम्हालाच झंपर शिवतेय वाऱ्याचा. उकाड्यात बरा पडेल!"

एकदा धोंडूबाईचा नवरा पाना घेऊन आला, माझा सांधा आवळून देतो म्हणाला. तुळजा आडवी आली. "काका, तेल घाला हवं तर. पण तो स्क्रू राहू द्या तसाच." मित्रांनो, ज्या खडखडीपायी मला दुकानातून काढलं, तीच कुणाला हवी होती. का, ते मात्र मला अजून उमगलं नव्हतं.

पावसाळा तोंडावर आला, आणि सरोजिनीबाईही आल्या. तेव्हाही तुळजा मला चालवतच होती आणि नवशा माझ्या पायाशी झोपला होता.

"काय काय शिवलंस, दाखव बरं."

दाखवायला अर्धवट झंपराशिवाय काहीच नव्हतं. बाईंनी वाकून माझ्या सुईकडे पाहिलं. "अगं, दोरासुद्धा ओवला नाहीस? मग चालवतेस काय?"

ठकुबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काय सांगू बाई, पोर दिसभर तुडवते. पर हातात बघाल तर काय न्हाय."

सरोजिनीबाईंचा चेहरा उतरला. "मलाही जड जातंय गं. पण खारबावची पोरगी किती दिवस आस लावून बसली आहे."

तुळजाचे पाय थांबले. पडवीत एकदम शांत झालं. माझ्या पायाशी झोपलेला नवशा ताडकन उठला आणि त्याने दोन्ही हातांनी माझं चाक धरलं.

"ताये, बंद नको करू! लूम बंद झाले की आग येते!"

तुळजा त्याला जवळ घेत हळू आवाजात म्हणाली, "बाई, आमच्या खोलीत दिवसरात्र लूमचा आवाज यायचा. त्याच आवाजात हा जन्मला. तो चालू असला की सगळं ठीक. त्या दिवशी आधी लूम थांबले. मग आरडाओरडा, मग आग."

असं होतं तर! आम्हा सगळ्यांना जी शांतता वाटत होती, ती त्या लेकराला धोक्याची घंटा वाटत होती.

सरोजिनीबाई खाली जमिनीवरच बसल्या. "चालव बघू," म्हणाल्या. मी खडखडू लागले. नवशाचे डोळे जडावले, मिटले. बाई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग कुजबुजल्या, "कपडे शिवताना थांबावं लागतं, खरं आहे. पण न थांबता शिवायचं असं काही नसतंच का?"

"अगो बाय!" ठकुबाईंनी मांडीवर थाप मारली. "गोधडी! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं पळायचं. थांबायचं कशाला?"

सरोजिनीबाईंना हसू आलं, डोळेही भरले. "माझ्या जुन्या साड्या पाठवते. पहिली गोधडी नवशाला. आणि खारबावच्या मुलीसाठी दुसरी मशीन शोधायचं माझ्याकडे लागलं."

तो पावसाळा माझा! साड्या आल्या, धोतरं आली. वारा शिवते म्हणणारी धोंडूबाईच दुसरं गाठोडं घेऊन पडवीत हजर झाली. तुळजा लांबच लांब शिवणी घालायची, मी खडखडायची, आणि नवशा आपल्या गोधडीत निवांत झोपायचा. त्याच्या गालांवर पुन्हा मांस चढलं.

श्रावणातल्या एका दुपारी, ऐन शिवणीच्या मध्यावर, माझा चामड्याचा पट्टा तटकन तुटला. मी जागच्या जागी थांबले. तुळजाचा हात कापडावर तसाच राहिला. ठकुबाई तांदूळ निवडत होत्या, त्याही थिजल्या. बाहेर पानांवरून थेंब ठिबकत होते, तेवढाच काय तो आवाज.

नवशाने कूस बदलली. गोधडी कानावर ओढली. आणि झोपूनच राहिला.

दुसऱ्या दिवशी नवा पट्टा चढवताना तुळजाने धोंडूबाईकडचा पाना मागून आणला आणि माझा तो ढिला स्क्रू स्वतःच्या हाताने आवळला.

मी पुन्हा मांजराच्या पावलांनी चालू लागले. अजून तिच्याच घरी आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी माझ्यासारखी जुनी असेल, तर तिला अडगळीत टाकण्याआधी दोन थेंब तेल घालून बघा. आणि वर्गात एखादं गप्प, पेंगुळलेलं मूल आलं, तर त्याला खाऊ द्या, पुस्तक द्या, काहीही द्या. पण देऊन लगेच उठू नका. जरा त्याच्याजवळ जमिनीवर बसा.